रोडस्टर रोज वापरायची तर आधी पाणी कुठे मुरतं ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणं, ऑफिस २२ मैलांवर, बहुतेक रस्ता एम४ मोटरवेचा. घरात नवरा-बायको दोघंच, गाडी एकच. सेकंड-हँड मझदा एमएक्स-५, म्हणजे छप्पर उघडणारी दोन सीटची रोडस्टर, घेऊन तीच बाराही महिने वापरायची इच्छा आहे. पाऊस, थंडी, रस्त्यावर टाकलेलं मीठ, वाणसामान, सांगलीहून उन्हाळ्यात येणारे आईबाबा हे सगळं धरून जमेल का? कोणती घ्यावी आणि काय बघून घ्यावी?

जमेल. इंग्लंडमध्ये कित्येक जण हीच गाडी रोज चालवतात आणि त्यात काही शौर्य नाही. एमएक्स-५ १९८९ साली आली, एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी तयार झाली आणि चारही पिढ्यांत मूळ साचा तोच राहिला: पुढे साधं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट, वजन टनभर. सुटे भाग मुबलक मिळतात आणि गावातल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला तिच्यात बुजण्यासारखं काही नसतं. रोज चालवल्याने उलट तिचं भलंच होतं. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरत नाही, बॅटरी उतरत नाही, पेट्रोल टाकीत शिळं होत नाही. त्यामुळे "फक्त रविवारी काढायचो, मायलेज अगदी कमी" असं सांगणाऱ्या विक्रेत्याच्या गाडीवर भाळू नका. ही गाडी मैलांनी मरत नाही, पाण्याने मरते. वरून छपरातून येणारं पाणी आणि खालून उडणारं मिठाचं पाणी, या दोन वाटा ज्याने सांभाळल्या त्याची गाडी वीस वर्षं टिकते.

पण त्याआधी घरी बसून एक हिशेब करा: वर्षातून किती दिवस तिसरा माणूस गाडीत बसणार? हीथ्रोला मुंबईचं विमान उतरलं की दोन माणसं आणि चार मोठ्या बॅगा येतात. या गाडीत त्यातलं एक माणूस मावतं, तेही बॅगेशिवाय. आईंचे गुडघे दुखत असतील तर आणखी एक गोष्ट. सीट इतकी खाली आहे की पाटावरून उठावं तसं उठावं लागतं. त्यांना बसवताना आधी पाठ सीटकडे करून टेकवायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. उतरताना दोन्ही पाय आधी जमिनीवर टेकवायचे आणि काचेच्या खांबाला धरून उठायचं. दाराला धरू देऊ नका, ते हलतं. असे दिवस वर्षाला वीस-पंचवीस असतील तर तेवढ्यापुरती भाड्याची गाडी घेणं दुसरी गाडी बाळगण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं. पन्नास-साठच्या पुढे जात असतील तर हा विचार सोडा. बाळाचा बेत असेल तरी तेच. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट पुढे लावायची तर प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग बंद असणं कायद्याने सक्तीचं आहे. ती बंद केली तरी बाळ आणि चालक एवढेच जाणार, दुसरा पालक घरी.

आता पिढी कोणती. पहिली एनए (१९८९ ते ९७) आणि दुसरी एनबी (१९९८ ते २००५) या दोन्ही गोड गाड्या आहेत, पण घरातली एकमेव आणि रोजची म्हणून घेऊ नका. त्यांना टायमिंग बेल्ट आहे, तो ६० हजार मैलांना बदलायचा असतो. घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था नाही. ताशी ७० मैलांवर एनएचं १.६ लिटरचं इंजिन मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या आसपास गरगरत असतं, आणि एम४वर रोज पाऊण तास तो आवाज ऐकायचा आहे. शिवाय लंडनचा प्रश्न आहे. २९ ऑगस्ट २०२३पासून यूलेझ (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर रोजचा आकार लावणारा पट्टा) सगळ्या ग्रेटर लंडनला लागू आहे आणि पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषण-मानकाची नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. रेडिंग त्यात येत नाही, पण साउथॉल आणि वेम्बली येतात. म्हणजे डाळ-तांदूळ आणायला गेलात की साडेबारा पौंड वर. साधारण २००६ नंतरच्या गाड्या यातून सुटतात, तरी लंडनच्या वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर त्या गाडीचा नंबर टाकून खात्री करा.

मग उरतात तिसरी एनसी (२००५ ते १५) आणि चौथी एनडी (२०१५पासून). एनसी आतून सगळ्यांत ऐसपैस. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर आधी हिच्यातच बसून बघा. इंजिन १.८ किंवा २.० लिटर, दोन्हींना टायमिंग चेन, ती बेल्टसारखी ठरावीक मैलांना बदलावी लागत नाही. २००६पासून हिच्यात दुमडणारं टणक छप्पर मिळू लागलं. मधली खिट्टी हाताने सोडायची, बटण दाबायचं, बारा सेकंदांत ते सीटमागच्या खोबणीत जाऊन बसतं आणि डिकी होती तेवढीच, १५० लिटरची, राहते. हे जमवणाऱ्या गाड्या फार थोड्या. २००९च्या सुधारित आवृत्तीतलं २.० लिटरचं इंजिन आतून जास्त मजबूत आहे. मोटरवेच्या रोजच्या वापरासाठी, मर्यादित पैशांत, माझी पहिली पसंती तीच: २००९ नंतरची, २.० लिटर, टणक छपराची एनसी.

एनडी हलकी, ॲव्हरेजला चांगली आणि चालवायला अधिक चपळ. ताशी ७० मैलांना सहाव्या गिअरमध्ये २,८०० फेऱ्या, त्यामुळे इंजिन शांत. १.५ लिटरची १३१ पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), २.० लिटरची आधी १६० आणि २०१८च्या उत्तरार्धापासून १८४ पीएसची. त्याच सुधारणेत स्टीअरिंग पुढेमागे सरकवायची सोय आली. लांब पायांच्या माणसाला ती चोवीस जादा पीएसपेक्षा जास्त उपयोगी. डिकी १३० लिटर. सुरुवातीच्या एनडींच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या गिअरची तक्रार होती. गाडी थंड असतानाच चालवून पाहा, दुसरा गिअर घालताना करकर किंवा चालू गिअरमध्ये घरघर आली तर पुढचं काही बघू नका, परत फिरा. आरएफ हा एनडीचा टणक छपराचा प्रकार दिसायला देखणा, पण "आवाज येणार नाही" म्हणून घेत असाल तर आधी तिच्यातून मोटरवेवर एक फेरी मारा. कापडी एनडीपेक्षा फरक पडतो, पण पैसे मोजावेत एवढा पडतो का हे ज्याच्या त्याच्या कानावर आहे.

तुमच्या रस्त्याचं पेट्रोलचं गणितही सांगून टाकतो. रोजचे ४४ मैल. २.० लिटरची एनसी मिश्र वापरात गॅलनला ३३ मैलांच्या आसपास देते, म्हणजे लिटरला साडेअकरा-बारा किलोमीटर. दिवसाला सहा लिटर. एनडी ४२ मैल देईल, म्हणजे पावणेपाच लिटर. वर्षाला २२० दिवस धरले तर फरक पावणेतीनशे लिटरच्या आसपास. एनडीची जादा किंमत एवढ्याने भरून निघत नाही. एनडी घ्यायचीच तर आवडते म्हणून घ्या.

आता मुख्य मुद्द्याकडे, पाण्याकडे.

रोडस्टरच्या छपरावर पडलेलं पाणी बाजूने गळून जात नाही, निदान सगळं नाही. छप्पर जिथे मागे बॉडीला मिळतं तिथे आतून एक पन्हळ असते. पाणी त्या पन्हळीतून दोन्ही सीटांच्या मागच्या कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबाजवळच्या भोकांत उतरतं आणि तिथून नळीने मागच्या चाकाच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. कौलारू घराच्या पागोळीला पन्हळ लावावी तशीच रचना. आणि बिघाडही तोच: पालापाचोळा. गाडी झाडाखाली उभी राहते, पानांचा चुरा, पाइनच्या सुया आणि परागकण छपराच्या घडीत साचतात आणि पहिल्या मोठ्या पावसात नळीच्या तोंडाशी जाऊन चिखल होतात. नळी तुंबली की पाणी पन्हळीतून उलटतं. मग ते दोन ठिकाणी जातं. एक, सीटमागच्या कार्पेटखाली. तिथला जाड फेस स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो, वरून कार्पेट कोरडं वाटतं आणि खाली पत्रा महिनोन् महिने भिजत राहतो. दोन, दाराखालच्या सिलच्या पोकळीत. गंज आतून बाहेर येतो आणि मागच्या चाकापुढे रंगाला फोड दिसतो तोवर आतला थर गेलेला असतो. एनए आणि एनबी सर्वांत जास्त गेल्या त्या याच जागी. बाहेरून फोड दोन बोटांएवढा, कापून बघावं तर वीतभर पत्रा बदलायला झालेला.

नळी तपासायची पद्धत सोपी आहे. छप्पर अर्धं उघडून सीटमागच्या कोपऱ्यात टॉर्च मारा, भोक सापडेल. नंतरच्या पिढ्यांत तोंडाशी जाळीदार टोपी असते, ती काढून धुवा. मग लहान भांड्याने अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि कोणाला तरी मागच्या चाकापुढे खाली बघायला सांगा. दोन-तीन सेकंदांत धार दिसली पाहिजे. नुसते थेंब पडले तर नळी अर्धी तुंबली आहे, आणि पाणी बुडबुडत वर आलं तर पूर्ण. लगेच ओतणं थांबवा, नाहीतर तपासतानाच कार्पेट भिजवाल.

तुंबलेली नळी मोकळी करायला गवत कापायच्या यंत्राची अडीच-तीन मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी मीटरभर घ्या. टोक लायटरने वितळवून गोल करा, म्हणजे नळीला भोक पडणार नाही. वरून फिरवत-फिरवत आत सरकवा. अडली तर जोर लावू नका, मागेपुढे करा आणि मध्ये थोडं कोमट पाणी सोडा. खालच्या तोंडाला चोचीसारखं रबर असेल तर ते बोटांनी चिमटून त्यातला गाळ काढा. बऱ्याचदा सगळा घोटाळा तिथेच असतो. कपडे टांगायच्या तारेने खुपसू नका, आणि वरून कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. हवेच्या दाबाने नळी आतल्या आत निसटते, बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि पुढच्या पावसापासून पाणी थेट सिलच्या आत पडायला लागतं. हे काम वर्षातून दोनदा: पानगळ संपली की डिसेंबरच्या सुरुवातीला, आणि परागकणांचा मोसम संपल्यावर जूनमध्ये.

ओल शोधायला नाकावर भिस्त ठेवू नका, विक्रेत्याने झाडाच्या आकाराचं सुगंधी कार्ड टांगलेलं असतं. कार्पेटवर किचन पेपरची चौघडी ठेवून तळव्याने दहा सेकंद दाबा. चारही कोपरे: दोन्ही पायांपाशी, दोन्ही सीटांमागे. कागद ओला झाला तर पाणी आहे. सकाळी काचांना आतून बाष्प धरत असेल तर तोही पुरावाच.

टणक छप्पर म्हणजे गळतीतून सुटका असं समजू नका. त्यालाही पन्हळ आणि नळ्या आहेतच, शिवाय सांधे जास्त. पाणी आत येतं ते बहुधा काचेचा वरचा कोपरा छपराच्या रबराला जिथे टेकतो तिथून. रबर वाळून चपटं झालं की तिथे केसभर फट राहते. वर्षातून तीन-चारदा सगळी रबरं ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची आणि रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस किंवा काडीने लावायचं रबर-पोषक अगदी पातळ चोळायचं. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

कापडी छपराला प्रेशर वॉशर लावू नका. कोमट पाणी, मऊ ब्रश, कापडाच्या छपरासाठीचा साबण, भरपूर धुणं, पूर्ण वाळवणं आणि वर्षातून एकदा पाणी न शोषणारं द्रावण. पावसाचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे बंद झाले की ते पुन्हा लावायची वेळ झाली. ओलं छप्पर दुमडून ठेवू नका, घडीत बुरशी धरते आणि ते काळे डाग जात नाहीत. पाच अंशांच्या खाली कापड ताठ होतं, तेव्हा दुमडू नका. मागची काच प्लॅस्टिकची असेल, म्हणजे बऱ्याचशा एनएंमध्ये, तर आधी तिची चेन उघडून ती सपाट पाडल्याशिवाय छप्पर खाली घेतलंत की थंडीत तडा गेलाच म्हणून समजा.

दुसरी वाट खालची. ब्रिटनमध्ये साधारण नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ पडतं आणि एनसीच्या मागच्या सबफ्रेमला (सस्पेन्शन धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटीला), मागच्या चाकांच्या कमानींना आणि सस्पेन्शनच्या बोल्टांना ते खातं. बोल्टांचा प्रश्न लोकांच्या लक्षात येत नाही. चाकांची अलाइनमेंट ज्या बोल्टांनी करायची ते आतल्या बुशला गंजून चिकटतात. मग अलाइनमेंट करता येत नाही, टायर आतल्या कडेने संपतात, आणि बोल्ट कापून काढायचा म्हटलं की मजुरी भागाच्या कितीतरी पट. खरेदीआधी विक्रेत्याकडे गेल्या दोन-एक वर्षांतला अलाइनमेंटचा छापील कागद मागा. तो असेल तर बोल्ट सुटतात याचा पुरावा हातात आला.

हिवाळ्यात महिन्यातून दोनदा, तापमान शून्याच्या वर असताना, बागेच्या नळीने चाकांच्या कमानी आणि सिलची खालची कड आतून धुवा. कमानीच्या आतल्या दुमडीत बोट फिरवलंत तर ओली माती लागेल. ती माती हाच शत्रू, मीठ तिच्यात धरून राहतं. एप्रिलमध्ये गाडी खालून नीट धुऊन दोन-तीन दिवस कोरडी होऊ द्या आणि मग डिनिट्रॉल किंवा वॅक्सॉइलसारखं मेण सिलच्या पोकळीत आणि सबफ्रेमवर मारून घ्या. ओल्या मिठावर मेण मारलं तर तुम्ही गंजाला पांघरूण घातलं. आणि मारणाऱ्याला बजावून सांगा की सिलच्या खालची निचऱ्याची भोकं बुजवायची नाहीत. काम झाल्यावर खिळ्याने स्वतः टोचून बघा. एवढ्या मेहनतीने गंज थांबवायला जायचं आणि त्याच मेणाने पाणी आत कोंडायचं, असं सर्रास होतं.

ब्रेकमध्ये मागचे कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे चिमटे, जाम होणं हा ठरलेला बिघाड. ज्या पिनांवर कॅलिपर सरकतो त्या वाळतात, पॅड डिस्कला घासत राहतो. मैलभर ब्रेक कमी लावत चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न लावता तळवा धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तोच कॅलिपर. पिना काढून साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेकदा भागतं. तांब्याचं ग्रीस तिथे नको, रबर खराब होतं. हिवाळ्यात रात्रभर गाडी सपाट जागी उभी असेल तर पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि हँडब्रेक हलका लावा.

इंजिनापुरतं एकच सांगणं: एनसीची ऑइलची पट्टी दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना बघा. ऑइल कमी असताना चालवल्याने या इंजिनांची बेअरिंग गेली आहेत, आणि दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ५डब्ल्यू-३० ऑइल, फिल्टरसह सव्वाचार लिटरच्या आसपास लागतं, एनडीला ०डब्ल्यू-२०. तुमचं वर्षाचं चालणं अकरा-बारा हजार मैलांवर जाणार, तेव्हा सहा-सात हजारांना ऑइल बदला. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी.

टायरमध्ये हवेची चूक जवळजवळ सगळे करतात. एनसी आणि एनडीला थंड टायरमध्ये २९ पीएसआय लागतं, एनए-एनबीला २६. टायरवाला सवयीने ३३-३४ भरून देतो आणि गाडी ओल्या रस्त्यावर नाचायला लागते. मग दोष "मागच्या चाकांच्या गाडीचा". आधी हवा मोजा. ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊन पकड कमी होते. रोजच्या वापराला, कडेवर बर्फाची खूण छापलेले ऑल-सीझन टायर चारही चाकांना लावा, फक्त मागे दोन लावून चालत नाही. १७ इंची चाकांपेक्षा १६ इंची चाकं (एनसीला २०५/५० आर१६) खड्ड्यांना बरी. स्टेपनी तर नाहीच, पंक्चरचं द्रावण आणि छोटा पंप एवढंच मिळतं, आणि खड्ड्याने टायरची कड फाटली तर द्रावण कुचकामी. त्यामुळे रस्त्यावर मदत देणारी सेवा विम्यासोबत घेऊन ठेवा. स्पीड-ब्रेकरची धास्ती नको. ब्रिटनच्या नियमाने ते १०० मिलिमीटरपेक्षा उंच नसतात आणि मूळ सस्पेन्शनची गाडी हळू घेतली तर घासत नाही. मागच्या मालकाने गाडी खाली बसवलेली असेल तर मात्र घेऊ नका.

ओल्या राउंडअबाउटमधून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर अर्ध्यावर ठेवा आणि स्टीअरिंग सरळ होईपर्यंत वाढवू नका. बाकी या गाडीत भिण्यासारखं काही नाही. मोटरवेवर मात्र एक भान हवं. गाडीची उंची जेमतेम सव्वा मीटर. युरोपातून आलेल्या ट्रकचा चालक डाव्या बाजूला बसतो, तुम्ही त्याला उजवीकडून मागे टाकत असता, आणि त्याच्या उजव्या चाकांशी असलेली एवढी ठेंगणी गाडी त्याला दिसतच नाही. ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नका. मागे थांबा, मोकळी जागा मिळाली की एका दमात पुढे जा. छप्पर बंद असताना तुमच्याही तिरक्या मागच्या बाजूला मोठा आंधळा कोपरा असतो. बाजूचे आरसे बाहेरच्या बाजूला इतके वळवा की स्वतःच्या गाडीची कड दिसेनाशी होईल.

सामानाचं बोलायचं तर १३० ते १५० लिटरची डिकी आकड्यापेक्षा बरी असते, तोंड मात्र अरुंद. विमानात हातात नेतो तशा दोन बॅगा बसतात, पण कडक सुटकेस नकोत, मऊ पिशव्या घ्या. दहा किलोचं तांदळाचं पोतं, दहा किलो आटा, वर आठवड्याची भाजी, एवढं नीट जातं. उंच डबे आणि लांबट वस्तू प्रवाशाच्या सीटवर. गणपतीची फूटभराची मूर्तीही तिथेच, पट्टा लावून, छप्पर बंद ठेवून. एनडीत डॅशबोर्डचा कप्पाच नाही, दोन सीटांच्या मधोमध मागे एक कुलपाचा खण आहे. कपहोल्डर कोपराच्या जागी येतो, गिअर बदलताना चहा सांडणार हे गृहीत धरा. कापडी छपराच्या गाडीत रात्री काहीही ठेवू नका, नाण्यांची पिशवीसुद्धा. पन्नास पेन्ससाठी कोणी छप्पर फाडतो आणि नवं कापड बसवून घ्यायला हजार पौंडांच्या आसपास जातात. रस्त्यावर उभी करायची असेल तर टणक छपराच्या बाजूने माझं मत पडतं ते यासाठीही.

छप्पर उघडं ठेवायला उन्हाळ्याची वाट बघायची गरज नाही. आठ-दहा अंश आणि कोरडी हवा असेल तर काचा वर, सीटमागची वारा अडवणारी जाळी उभी, हीटर पायांवर, कानटोपी डोक्यावर. एवढ्यावर चाळीस मिनिटं मजेत जातात. मे-जूनमध्ये मात्र टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका.

हीच गाडी पुढे पुण्याला न्यायची कल्पना कोणी काढली तर तिथेच थांबवा. मझदा भारतात गाड्या विकत नाही, त्यामुळे ब्रेकच्या पॅडपासून सगळं बाहेरून मागवावं लागेल, आणि आपले बिनमापाचे स्पीड-ब्रेकर तिच्या पोटाला लागतील.

पैसे देण्याआधी दोन कामं फुकट होतात. एक, सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, सगळा इतिहास वाचा. सिल, सबफ्रेम, ब्रेकच्या नळ्या यांच्याबद्दल "गंज, पण अजून कमकुवत नाही" अशा सूचना वर्षामागून वर्षं येत असतील आणि अचानक एका वर्षी गायब झाल्या असतील, तर त्या वर्षीच्या दुरुस्तीचं बिल मागा. बिल नसेल तर वर काळा रंग फासलेला असण्याची शक्यता धरा. दोन, विम्याचा दर आधीच काढा. भारतातल्या लायसन्सवर ब्रिटनमध्ये आल्यापासून बाराच महिने गाडी चालवता येते आणि दोन सीटच्या गाडीला तेवढ्या काळात विमा कंपन्या भरमसाट दर सांगतात. ब्रिटिश लायसन्स हातात आल्यावर गाडी घेणं सोयीचं.

गाडी बघायला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. तेव्हा उघड्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असतं, आणि महिनाभर पाऊस खाऊन उभी असलेली गाडी काही लपवू शकत नाही. सोबत टॉर्च, किचन पेपरची गुंडाळी आणि लिटरभर पाण्याची बाटली न्या. नळीत पाणी ओतून बघू का, असं विचारल्यावर विक्रेता नको म्हणाला तर वाद न घालता निघून या.